कॅम्पेनमध्ये कॅरेक्टरवर मर्यादा: कुठे घालायच्या, कशा घालायच्या?

माचीवरून

मंडळी, धागा लांब आहे. पण हा विषय गेले दोन महिने डोक्यातून जात नाहीये, म्हणून सगळं नीट लिहिते.

एरंडवण्यात मैत्रिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आमचं डी अँड डी चालतं (डंजन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकाने एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट खेळायची). शनिवारी साडेचार ते साडेआठ, डीएम, म्हणजे जग आणि गोष्ट चालवणारी, मी. दोन वर्षं चाललेलं कॅम्पेन, म्हणजे एक सलग लांब गोष्ट, दिवाळीत संपलं. त्यात मी कुणाला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. शेवटी पार्टीत एक लोखंडी माणूस, एक सैतानाच्या वंशातली गायिका, एक चालतं-बोलतं कासव, एक अर्धपिशाच्च आणि एक ड्वार्फ (बुटक्या जमातीतला) असे पाच जण होते. ते गावात शिरले तरी गावकरी वळून बघायचे नाहीत, कारण बघितलं की दर वेळी अर्धा तास त्यातच जायचा. हळूहळू माझी गावंच कागदी झाली. कुणाला कशाचं नवल नाही, भीती नाही, कुतूहल नाही. खेळाडूंना मजा आली, पण त्या जगातलं एकही गाव आज कुणाला आठवत नाही. हे मला लागलं.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी जग, मग पात्रं. मुलूख सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखा. तीन पावसाळे कोरडे गेलेत. एक कसबा शत्रूने जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवलाय. (पुण्यावर १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने असा नांगर फिरवला आणि त्याच वेळी दख्खनमध्ये १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ होता. कल्पना तिथूनच घेतली; मुलूख आणि नावं मात्र माझी.) त्या ओसाड कसब्यात पुन्हा वस्ती करायला आलेली पहिली माणसं म्हणजे आपले खेळाडू.

मर्यादा अशा घातल्या: सगळे माणसंच. अंधारात दिसणं नाही, उडणं नाही, अन्नपाणी निर्माण करणारे स्पेल (मंत्र) नाहीत. शिवाय नियमपुस्तकात क्लास (पात्राचे पेशे) बारा आणि आपल्याकडे बलुतेदार बारा, तर प्रत्येकाने एक बलुतं निवडायचं आणि त्याला क्लास जोडायचा अशीही एक कल्पना होती.

आता जे झालं ते. आमच्यातल्या एकाचा भाचा अकरावीत आहे. त्याला पहिल्यांदाच खेळायचं होतं. मामाने त्याला नियमांची पुस्तकं दिली, पण माझ्या मर्यादांचा निरोप द्यायचा राहिला. मुलगा आला तो दोनशे पानी वही घेऊन. मधल्या जोडपानावर पेन्सिलने काढलेला पक्षीमानव. पंख दोन्ही पानांवर पसरलेले, आणि पिसांची टोकं इतक्या वेळा खोडून पुन्हा काढलेली की तिथल्या कागदाला लव आली होती. खाली त्याचं नाव, आईवडिलांची नावं, घरटं असलेल्या कड्याचं नाव. मी म्हटलं, "चित्र फार सुंदर आहे रे, पण या जगात उडणारी जमात नाहीये. माणूस घेतोस का?" तो म्हणाला, "चालेल ताई." मी त्याला एक तयार फायटर (लढवय्या माणूस) दिला. दोन शनिवार आला. पाळी आली की फासा टाकायचा, आकडा सांगायचा, गप्प बसायचा. तिसऱ्या शनिवारपासून येणं बंद. मामा म्हणाला, ट्यूशन आहे. ट्यूशन नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मर्यादा चूक होती असं मला आजही वाटत नाही. २०१५ च्या पुस्तकात त्या जमातीचा उडण्याचा वेग ५० फूट दिला होता. माणूस एका पाळीत ३० फूट चालतो. पहिल्याच लेव्हलला असं कॅरेक्टर आलं की कडा, दरी, तटबंदी यातलं काहीच अडचण म्हणून उरत नाही, आणि माझं अख्खं जग कड्यांचं आणि दऱ्यांचं आहे.

जुनं चाळलं तर हा खेळ मर्यादांमध्येच वाढलेला दिसतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिली पेटी काढली तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. चोर आला १९७५ च्या पुरवणीत. ड्वार्फला फक्त लढवय्या होता यायचं, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत. १९७८ च्या पुस्तकात पॅलाडिन (धर्मयोद्धा) व्हायला करिष्मा हा गुण किमान १७ लागायचा. १९८१ च्या बेसिक संचात तर एल्फ ही जमात हाच एक क्लास होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने कुठल्याही वंशाला कुठलाही क्लास मोकळा केला. पण तेव्हापासून नाही म्हणायचं काम पुस्तकाने सोडलं आणि ते डीएमच्या गळ्यात आलं. आधी पुस्तक नाही म्हणायचं. आता मी म्हणते, तोंडावर, समोर वही उघडी असताना.

तुमच्या टेबलावर हे कसं करता?

किल्लेदार

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. डीएम आठवडाभर तयारी करतो, नकाशे काढतो, पात्रांचे आवाज ठरवतो. खेळाडू चार तास येतो. जगाची चौकट डीएमनेच ठरवायची. वाईट वाटणारच, पण एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. निरोप मामाने द्यायला हवा होता. चूक तिथे आहे.

फासेवाली

किल्लेदारदादा, तयारीचं मान्य. पण डीएमकडे अख्खं जग असतं: डोंगर, राजे, पाऊस, देव, सगळे शत्रू. खेळाडूकडे एकच गोष्ट असते, त्याचं कॅरेक्टर. तेवढी एकही बदलायला सांगायची असेल तर फार जपून सांगावी लागते.

मी आठ वर्षं खेळतेय. दर कॅम्पेनआधी आठवडाभर माझ्या डोक्यात ते माणूस राहायला येतं. पीएमटीत बसून मी त्याचं बोलणं मनात म्हणून बघते. तिथे पोहोचल्यावर "हे नाही चालणार" ऐकलं की नवीन कॅरेक्टर करता येतं, पण ते राहायला येत नाही. त्या मुलाने दोन शनिवार फक्त आकडे सांगितले म्हणता ना, त्याचं कारण हेच असणार.

मर्यादा मला आवडतात, खरंच आवडतात. पण त्या कॅरेक्टर सुचायच्या आधी कानावर पडायला हव्यात. सुचल्यानंतर त्यांना मर्यादा म्हणत नाहीत, हातातलं काढून घेणं म्हणतात.

अंधारातली_मशाल

मी जरा हिशोबाच्या बाजूने बोलतो, कारण मला वाटतं यातल्या निम्म्या मर्यादांची गरजच नव्हती.

आधी अंधार. २०१४ च्या नियमपुस्तकात नऊ वंश आहेत. त्यातल्या माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न या तिघांनाच अंधारात दिसत नाही, बाकी सहा जणांना दिसतं. त्यामुळे मशालीला कुणी विचारत नाही, ही तक्रार बरोबर. पण नियम नीट वाचा. अंधारात दिसणाऱ्याला मिट्ट काळोख हा संधिप्रकाशासारखा दिसतो, लख्ख नाही. रंग कळत नाहीत. आणि संधिप्रकाशात नजरेवर अवलंबून असलेल्या प्रत्येक परसेप्शनला (काही लक्षात येतं का, यासाठीच्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हांटेज असतो (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा), म्हणजे पॅसिव्ह आकड्यातून, फासा न टाकता धरायच्या आकड्यातून, सरळ पाच वजा. लपलेला सापळा, ओली दगडी पायरी, भिंतीवरचं रक्त की शेंदूर, यातलं काही धड दिसत नाही. बहुतेक टेबलांवर हा नियम कुणी लावतच नाही. तो लावला की मशाल परत येते. तासभर जळते, २० फूट लख्ख उजेड देते, आणि शत्रूलाही दिसते. वंशबंदी करायची गरज नाही.

आता दुष्काळ. इथे ताईंची काळजी खरी आहे. पहिल्या लेव्हलच्या ड्रूइडला (निसर्गाची जादू करणाऱ्या क्लासला) दोन स्लॉट, म्हणजे दिवसाला असे दोन स्पेल. गुडबेरी या स्पेलच्या एका स्लॉटमध्ये दहा फळं, एक फळ म्हणजे एका माणसाचं दिवसाचं जेवण. दोन स्लॉट, वीस माणसं जेवली. पाणी निर्माण करायच्या स्पेलमध्ये १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर. दोन स्लॉटचे ७६. उन्हाळ्यात पुस्तकाप्रमाणे माणसाला दिवसाला दोन गॅलन लागतं, म्हणजे एक पुरोहित रोज दहा जणांना पाणी पाजू शकतो. पाच जणांच्या पार्टीपुरता दुष्काळ पहिल्याच दिवशी संपला.

पण पाच जणांपुरता दुष्काळ दाखवताच कशाला? तुमचा कसबा आहे ना? वस्तीला दोनशे माणसं येऊ द्या, गुरं येऊ द्या. मग हाच स्पेल अडचण सोडवणारा न राहता अडचण वाढवणारा होतो. रोज दहा जणांचं पाणी आहे. कुठल्या दहा जणांना द्यायचं? हा प्रश्न त्या पुरोहिताच्या दारात रोज सकाळी भांडी घेऊन उभा राहील. स्पेल काढून टाकलात तर हे दृश्यच गेलं.

आणि गुडबेरीला साहित्य म्हणून बांडगुळाची डहाळी लागते. मूळ नियमात ती संपत नाही. तुमच्या टेबलावर दर वेळी संपते एवढं ठरवा. बांडगूळ झाडावर वाढतं, आणि तीन वर्षं पाऊस नाही. आमराई किती उरली असेल?

सदाशिव_तिसरा

मशाल, पॅसिव्हमधून पाच वजा हे मला खरंच माहीत नव्हतं. चार वर्षं डीएम आहे. उद्यापासून लावतो.

ओसरी

मला वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय, आणि ती इथे बोलायलाच हवी.

मराठीत खेळताना "रेस" या शब्दाचं आपण काय करतो? कितीतरी टेबलांवर मी सरळ ऐकलंय, "तुझ्या कॅरेक्टरची जात काय?" बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण माझ्या कानाला तो प्रश्न लागतो, कारण तो मला शाळेत, भाड्याची खोली बघताना, लग्नाच्या बोलण्यात, सगळीकडे विचारला गेलाय. शनिवारी चार तास तरी तो नको असतो.

माचीवरून, तुम्ही इतिहास लिहिलात त्यातला ड्वार्फ बघा. जन्माने ड्वार्फ, म्हणून सहाव्या लेव्हलपुढे जायचं नाही. अमेरिकेतल्या दोघांनी ते खेळाचा तोल राखायला लिहिलं असेल. आपण ते वाचतो तेव्हा आपल्याला दुसरंच काही दिसतं, दिसायलाही हवं. मूळ खेळानेही हे हळूहळू सोडलं. २०२० च्या पुस्तकाने वंशामुळे मिळणारी गुणांची वाढ कुठेही लावायची मुभा दिली, २०२४ च्या नियमपुस्तकातून रेस हा शब्दच गेला आणि त्या जागी जीवजाती आली.

आणि बारा बलुतेदार. कल्पना ऐकायला छान वाटते हे कळतं. कुंभार, सुतार, लोहार, गुरव, गावगाड्याचं चित्र उभं राहतं. पण त्या यादीत महार आहेत, मांग आहेत, चांभार आहेत. त्यांचं बलुतं हा निवडलेला धंदा नव्हता. ते नाकारता यायचं नाही आणि वाट्याला काय येईल हे जन्माने ठरलेलं असायचं. टेबलावर कुणीतरी हसत हसत ते "निवडणार", आणि शेजारी बसलेल्याच्या पणजोबांना ते निवडता आलं नव्हतं. ही मर्यादा घालू नका. इतिहास टाळा असं मी म्हणत नाहीये. कॅम्पेन जर त्या अन्यायाबद्दलच असेल, आणि सगळ्यांनी समजून उमजून होकार दिला असेल, तर गोष्ट वेगळी. पण गावाला रंग यावा म्हणून सजावटीसारखं ते वापरू नये.

माझी कसोटी साधी आहे. पात्र काय करतं, कुठे राहतं, त्याला कशाची गरज आहे, यावर मर्यादा घाला. ते कुणाच्या पोटी जन्मलं यावर घालू नका.

माचीवरून

ओसरी, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. बलुतेदारांची कल्पना काढून टाकली आहे. मी बाराला बारा जुळतात एवढंच बघितलं होतं. सांगितलंत हे फार बरं केलंत.

त्या जागी आता एकच प्रश्न ठेवते: "ओसाड कसब्यात येताना तू बरोबर काय आणलंस आणि का?" बियाणं, भाता, देव, कर्ज, काहीही. क्लास त्यातूनच निघेल.

जुना_फासा

मी या खेळात १९९० च्या दशकात आलो. चुलतभाऊ परदेशातून एक पुस्तक घेऊन आला, आणि आम्ही अप्पा बळवंत चौकातून आलेखाच्या वह्या आणून त्यावर तळघरं काढायचो. वीस बाजूंचा फासा आमच्यात एकच होता, तो हातोहात फिरायचा. त्यामुळे माझं मत जुन्या वळणाचं वाटेल, पण सांगतो.

लोक मर्यादेवर चिडत नाहीत, रिकाम्या हातांवर चिडतात. १९९१ मध्ये डी अँड डीचंच डार्क सन नावाचं जग आलं. सगळं वाळवंट, ताईंच्या कॅम्पेनला जवळचं. तिथे काय काय काढलं होतं बघा. नोम (एक बुटकी जमात) नाहीत, ते मारून संपवलेत. पॅलाडिन नाही. देव नाहीत, म्हणून पुरोहित पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचे. धातू इतका दुर्मिळ की हत्यारं हाडाची, लाकडाची, ज्वालामुखीच्या काचेची. आणि जादू केली की आजूबाजूची झाडं-झुडपं जळून राख होतात. जपून जादू करणारे वेगळे आणि ओरबाडणारे वेगळे. इतकं काढूनही आम्ही वेड्यासारखे त्यावर तुटून पडलो, कारण काढताना त्यांनी ओंजळ रिकामी ठेवली नव्हती. ड्वार्फ आणि माणूस यांच्यापासून झालेले म्यूल दिले, अर्धराक्षस दिले, नाकतोड्यासारखे थ्री-क्रीन दिले. आणि प्रत्येक वजाबाकीमागे गोष्ट होती. नोम का नाहीत, याचं उत्तर खेळताना सापडायचं.

दुसरीकडे १९८५ चं पेंड्रॅगन घ्या, राजा आर्थरच्या दरबाराचा खेळ. सगळे नाइट. बस्स. कुणी कधी तक्रार करत नाही, कारण खेळाचं नाव ऐकतानाच ते कळलेलं असतं. १९८६ च्या वॉरहॅमर या खेळात धंदा फाशावर ठरतो, उंदीर पकडणाराही होऊ शकता. तिथे नाही म्हणणारा फासा असतो. फाशाचा राग माणूस पटकन विसरतो.

ताई, तुमच्या यादीत "नाही" चार होते. "आहे" किती होते?

मुखवटा

हा माझा इथला पहिलाच प्रतिसाद आहे. मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मित्राने ओढून गेमला नेलं.

मला केंकू खेळायचा होता. कावळ्यासारखी जमात. २०१६ च्या पुस्तकात केंकूला स्वतःचं बोलणं नाही. ऐकलेले आवाज आणि वाक्यं यांची नक्कल करूनच बोलायचं. (२०२२ च्या पुस्तकाने ही अट काढली.) आमचा डीएम म्हणाला, नको, बाकीच्यांना फार त्रास होतो, प्रत्येक संवाद अडतो. बरोबरच होतं त्याचं. पण मग तो थांबला आणि म्हणाला, "तुला तोच का हवाय?"

मी सांगितलं. दुसऱ्याची वाक्यं म्हणताना मी अडखळत नाही. गाणं म्हणताना अडखळत नाही तसंच. स्वतःचं बोलायला गेलो की अडतं.

तो दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, चालेल. मी एक छोटी वही केली, सेशनमध्ये कोण काय बोललं ते त्यात लिहायचो आणि तीच वाक्यं पुढे वापरायचो. तिसऱ्या महिन्यात सरायवाल्याचं एक वाक्य मी राजासमोर त्याच आवाजात म्हटलं आणि अख्खं टेबल उभं राहिलं. मी त्या दिवशी घरी जाताना सिंहगड रोडवर गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो.

मला फक्त एवढं म्हणायचंय की नाही म्हणायच्या आधी त्याने "का?" विचारलं. तुम्ही त्या मुलाला विचारलंत का?

माचीवरून

नाही विचारलं.

फासेवाली

मुखवटा, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. इथे लिहीत राहा.

किल्लेदार

मुखवटाचा प्रतिसाद वाचून मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो. चूक मामाची नव्हती.

पण एक बाजू राहतेय, ती मांडतो. मी दर रविवारी कॅफेत खुलं टेबल चालवतो. सहा खुर्च्या, जो आधी नाव देईल त्याची. दर वेळी निम्मे चेहरे नवे, वेळ तीन तास. तिथे मी प्रत्येकाला "का?" विचारत बसलो तर तासभर त्यातच जाईल, आणि ज्याला उत्तर चांगलं मांडता येतं त्यालाच सवलत मिळेल. लाजणारा मागेच राहील. म्हणून तिथे नियम ठोक आहे: मूळ नियमपुस्तकातलंच कॅरेक्टर, पहिल्या लेव्हलला उडणं नाही, सगळ्यांना सारखं, नाव नोंदवतानाच लिहिलेलं. अधिकृत खुल्या खेळांमध्येही बरीच वर्षं नियमपुस्तक आणि वर फक्त एक पुस्तक एवढंच चालायचं, आणि ते योग्यच होतं. अनोळखी माणसांमध्ये ठोक नियम हीच माया असते, कारण कुणाचा मान वर-खाली होत नाही.

घरचं टेबल वेगळं. वर्षभर त्याच पाच-सहा माणसांबरोबर बसायचं असेल तर विचारायला वेळ आहे, आणि विचारायला हवं. माझी गफलत अशी झाली की रविवारचं उत्तर मी तुमच्या शनिवारला दिलं.

ओसरी

किल्लेदार, हे पटलं. लाजणारा मागे राहतो हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

माचीवरून

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मी त्या मुलाला भेटले. सहकारनगरला त्यांच्या गच्चीत. मामा बरोबर होता, आजी खाली पापड वाळत घालत होत्या. मी म्हटलं, त्या दिवशी मी घाईने नाही म्हटलं, तुला पक्षीमानवच का हवा होता ते विचारायचं राहून गेलं. तो आधी काही बोलेना. मग तळजाईकडे बोट दाखवलं. घारी होत्या, पाच-सहा. तो म्हणाला, "ताई, लढाईत उडायला नाही हवं होतं मला. या बघा ना, पंख हलवतच नाहीत. मला तसं वरून बघणारं कुणीतरी व्हायचं होतं. अकराच्या आधी येत नाहीत या. ऊन तापल्यावरच येतात."

जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि घारी तिच्यावर गिरक्या घेत चढतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या कॅम्पेनमध्ये तीन वर्षं कडक ऊन आहे हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या उन्हाने कसबा मरतोय तेच ऊन याला वर नेणार.

तिथेच गच्चीत बसून आम्ही नियम लिहिले. त्याच वहीत, त्याच्याच पेन्सिलीने. उडणं फक्त अकरा ते चार, तेही आभाळ मोकळं असेल तर. झेप कड्यावरून, तटावरून किंवा किमान ३० फूट उंचीवरूनच घ्यायची. सपाटीवरून उठता येणार नाही. मध्यम किंवा जड चिलखत नाही, हे पुस्तकातच आहे. कुणाला उचलून न्यायचं नाही. आणि ज्या दिवशी उडेल त्या दिवशी पाणी दुप्पट लागेल, म्हणजे दोनऐवजी चार गॅलन. ही शेवटची अट त्याने स्वतः सुचवली. मी म्हटलं, एवढी कडक नको. तो म्हणाला, "नाही ताई, दुष्काळ आहे ना."

मग सगळ्या गटाला बोलावून नव्याने सेशन झिरो, म्हणजे खेळाआधीची ठरवाठरवीची बैठक, घेतलं. एका पानावर मर्यादा लिहिल्या आणि प्रत्येकीच्या शेजारी कारण. जिथे मला कारण लिहिता आलं नाही ती मर्यादा खोडली. सगळे माणसंच हवेत, ही अशीच गेली. अंधाराची मशालच्या नियमावर सोडली. अन्नपाण्याचे स्पेल परत आले, बांडगूळ संपण्याच्या अटीसकट. पानाच्या तळाशी प्रत्येक खेळाडूने एक मर्यादा घालायची जागा ठेवली होती. मैत्रिणीने लिहिलं, कुणीही एकटा-दुकटा नको, प्रत्येकाचं वस्तीत एक तरी माणूस हवं ज्याच्यासाठी तो थांबेल. माझ्या चारही मर्यादांपेक्षा ही जास्त उपयोगी पडली.

परवाच्या शनिवारी पुरोहिताच्या दारात लोक भांडी घेऊन उभे राहिले, मशाल, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसेच. दहा जणांचं पाणी. पुरोहिताने एकेकाला मोजून द्यायला सुरुवात केली. घारीच्या पोराची पाळी आली तेव्हा त्याला उडायचं तर दोघांचं पाणी हवं होतं, आणि रांगेत त्याच्यामागे बाळंतीण उभी होती. टेबलावर कुणी काही बोलेना. शेवटी लोहाराच्या सुनेने, म्हणजे मैत्रिणीच्या कॅरेक्टरने, आपला वाटा त्याच्या भांड्यात ओतला आणि म्हणाली, "वर गेलास तर बघून ये."

तो तटावरून झेपावला. मी खालचं वर्णन करत होते, करपलेली शेतं, कोरडा ओढा, जळके वासे. त्याने मला मध्येच थांबवलं. "ताई, उंबर आहे का कुठे? आजी म्हणते उंबर असेल तिथे खाली पाणी असतं." माझ्या नकाशात उंबर नव्हता. मी म्हटलं, टाक फासा. सतरा आला. कसब्याच्या उत्तरेला, दोन कातळांच्या बेचक्यात, एकच हिरवा ठिपका.

वहीत पक्षीमानवाच्या पुढच्या जोडपानावर आता कसब्याचा नकाशा आहे, वरून बघितलेला. उंबराशेजारी त्याने विहिरीसाठी एक गोल काढून ठेवलाय, आत अजून काही भरलेलं नाही. येत्या शनिवारी खणायला सुरुवात करायची आहे.